दंगल, बंद, जाळपोळ आणि तुमचा विमा

शहरात दगडफेक झाली, चार गाड्या पेटल्या, बाजारपेठेतल्या काचा फुटल्या की पुढचे आठ-दहा दिवस वाचकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो : याचे पैसे विम्यातून मिळतात का? निम्म्या लोकांची पक्की समजूत असते की दंगलीचे नुकसान विम्यात बसतच नाही, त्यामुळे ते क्लेमच करत नाहीत. उरलेल्या निम्म्यांना वाटते की पॉलिसी आहे म्हणजे बंद राहिलेल्या दुकानाच्या गल्ल्यापासून चोरीला गेलेल्या मालापर्यंत सगळे भरून मिळेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि पहिल्या समजुतीने जास्त लोकांचे पैसे बुडतात.

मोडतोड, जाळपोळ आणि फोडाफोड यांचे पैसे घराच्या, दुकानाच्या आणि गाडीच्या बहुतेक पूर्ण पॉलिसींमध्ये मिळतात. नुसते बंद राहिल्याचे मिळत नाहीत. या दोन वाक्यांच्या मध्ये बरेच खाचखळगे आहेत, ते एकेक करून बघू.

आधी एवढे ठरवा : जे घडले ते कोणत्या पायरीवर बसते?

बातम्यांमध्ये 'तणाव', 'अशांतता', 'हिंसक वळण' असे शब्द येतात. विमा कंपनी त्यांच्याकडे बघत नाही. तिच्या कागदात तीन पायऱ्या असतात आणि तुमचे नुकसान कोणत्या पायरीवर पडते त्यावर सगळे अवलंबून असते.

पहिली पायरी – दंगल, संप आणि मुद्दाम केलेली नासधूस. विम्यात हे तिन्ही धोके एकत्र बांधलेले असतात. एजंट लोक त्याला 'आरएसएमडी' म्हणतात. फौजदारी कायद्यात दंग्याची व्याख्या आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार पाच किंवा जास्त माणसे कायद्याने ठरवलेल्या बेकायदा उद्देशाने जमली की तो बेकायदेशीर जमाव. त्या जमावाने किंवा त्यातल्या एकाने त्या उद्देशासाठी बळ वापरले की कलम १९१ नुसार दंगा. विम्यासाठी मात्र कोणाला शिक्षा व्हावी लागत नाही, कोणी पकडले जावे लागत नाही. शिवाय दगड मारणारे पाच होते की दोन, यावर सहसा तुमचा क्लेम अडत नाही. जमाव सिद्ध झाला नाही तरी 'मुद्दाम केलेली नासधूस' त्याच कलमात शेजारी बसलेली असते.

दुसरी पायरी – दहशतवादी कृत्य. राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक हेतूने, सरकारवर दबाव आणण्यासाठी किंवा लोकांत भीती बसवण्यासाठी केलेले हिंसक कृत्य, अशी विम्यातली व्याख्या असते. ती इतकी सैल आहे की एखादे चिघळलेले आंदोलनही तिच्यात ओढता येते. न्यूयॉर्कच्या ९/११ हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी या धोक्यातून अंग काढले. म्हणून भारतात २००२ साली सर्वसाधारण विमा कंपन्यांचा सामायिक निधी, म्हणजे 'टेररिझम पूल', तयार झाला. दुकान-कारखान्याच्या जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत दहशतवादाचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. दंगलीचे घेतले आणि दहशतवादाचे घेतले नाही, तर मध्ये फट राहते. 'हे साधे दंगे नव्हते, यामागे कट होता,' असे पोलीस किंवा मंत्री जाहीरपणे बोलले की कंपनीला त्या फटीत बोट घालायची संधी मिळते. माझे स्पष्ट मत असे की दुकानदाराने ही दोन्ही संरक्षणे सोबतच घ्यावीत. मग घटनेला कोण काय नाव देतो याने तुम्हाला फरक पडत नाही.

तिसरी पायरी – उठाव, बंड, यादवी, युद्ध. हे जवळजवळ प्रत्येक मालमत्ता विम्यात वगळलेले असते. जुन्या प्रमाणित आगविमा पॉलिसीतली शब्दरचना अशी आहे की नागरी दंगलीने 'जनउठावाचे स्वरूप' धारण केले तर संरक्षण संपते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बंदला किंवा दंगलीला हे लागू होण्याची शक्यता फार कमी. चाकणला ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षण आंदोलनात बसगाड्या पेटल्या, १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात महाल भागात जाळपोळ होऊन संचारबंदी लागली. या पहिल्या पायरीवरच्या घटना. पण सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनात संसद आणि हॉटेले पेटली आणि पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. तिथे 'दंगल की उठाव' हा प्रश्न खरोखरच उभा राहू शकतो.

कंपनीने तिसऱ्या पायरीचे कारण पुढे केले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. नुकसान अपवादात बसते हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते, तुमची नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितलेले आहे.

जाता जाता, बरेच वाचक क्लेमसोबत जमावबंदीचा आदेश जोडतात आणि निश्चिंत होतात. जमावबंदी (पूर्वीचे कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३) हा प्रतिबंधक आदेश आहे. त्यातून परिसरात गडबड होती एवढे दिसते. तुमचे नुकसान कोणी आणि कसे केले ते त्यातून सिद्ध होत नाही.

तुमची पॉलिसी काढा आणि बघा

घर. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात दंगल, संप, मुद्दाम नासधूस आणि दहशतवाद हे चारही धोके मुळातच आहेत. इमारतीचा विमा घेतला तर घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. घर राहण्याजोगे उरले नाही तर पर्यायी घराच्या भाड्याचीही तरतूद आहे.

सोसायटीत राहणाऱ्यांची एक नेहमीची चूक : 'आमच्या सोसायटीचा विमा आहे.' तो बहुधा फक्त इमारतीचा असतो. तुमचा टीव्ही, फर्निचर आणि खाली लावलेली स्कूटर त्यात नसते.

दुकान, गाळा, छोटा कारखाना. एका ठिकाणची विमा करण्याजोगी मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा', त्यापुढे ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. दोन्हींत दंगलीचा धोका आहे. त्याहून मोठ्या उद्योगांसाठी जुनी प्रमाणित आगविमा पॉलिसी चालते. तिच्यात हप्ता कमी करण्यासाठी दंगलीचे कलम सुरुवातीलाच काढून टाकायची सोय आहे, आणि काही लोक थोड्या पैशांसाठी ते काढतात. तुमच्या शेड्यूलवर ते काढलेले नाही ना, एवढे आजच बघा. शिवाय हेही तपासा :

- पॉलिसीवरचा पत्ता. गोदाम दोन वर्षांपूर्वी हलवले आणि विमा जुन्याच पत्त्यावर चालू, असे पुष्कळदा सापडते. बँकेने कर्जासोबत काढलेल्या पॉलिसीत तर हमखास.
- विमा कशाचा आहे. बँक फक्त तारण मालाचा विमा काढते. काउंटर, एसी, काचेचा दर्शनी भाग, बाहेरची पाटी त्यात असेलच असे नाही.
- रोख रक्कम. तिला फार छोटी मर्यादा असते.
- विमा रक्कम. दुकानात ३० लाखांचा माल, विमा १५ लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचे असेल तर तुम्हाला ६ लाख मिळत नाहीत. निम्माच विमा होता म्हणून निम्मेच, म्हणजे ३ लाख मिळतात. सूक्ष्म आणि लघु उद्यमाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. म्हणजे ३० लाखांच्या मालाला २६ लाखांचा विमा असेल तर कात्री लागत नाही. दिवाळीपूर्वी माल दुप्पट भरणाऱ्यांनी हा हिशेब त्या महिन्याचा करावा.

गाडी. सगळ्यात जास्त निराशा इथे होते. दंगल, संप आणि मुद्दाम केलेली नासधूस हे धोके गाडीच्या 'ओन डॅमेज' भागात येतात. 'थर्ड पार्टी' विमा फक्त तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर कामाचा. तुमची जळालेली गाडी त्याला दिसतसुद्धा नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा आणि नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पण सोबतचा ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचा असतो. मालक म्हणतो, 'माझ्या बाइकला पाच वर्षांचा विमा आहे.' बाइक पेटते तिसऱ्या वर्षी, आणि हातात काहीच येत नाही. नुसता ओन डॅमेज वेगळा विकत घेता येतो, दुसऱ्या कंपनीकडूनसुद्धा. आरसीसोबत ठेवलेली पॉलिसी काढून त्यावरच्या दोन वेगवेगळ्या तारखा वाचा.

रस्त्यावरचा माल. नाशिकचा कांदा, सांगलीचा बेदाणा, भिवंडीचे कापड वाहून नेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ट्रकचा विमा ट्रकपुरता असतो. मालाच्या वाहतूक विम्यात संप आणि दंगल मूळ कलमांत वगळलेली असते. 'एसआरसीसी' हे जोडकलम मागून घ्यावे लागते. रास्ता रोकोत पेटलेल्या ट्रकचे पैसे मिळाले आणि आतल्या मालाचे गेले, असे होते ते यामुळे.

बंद ठेवलेल्या दिवसांचे काय?

संचारबंदीत आठ दिवस शटर खाली राहिले, दूध नासले, लग्नाच्या ऑर्डरी गेल्या. दंगलीच्या कलमात काम थांबल्यामुळे किंवा मंदावल्यामुळे झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. 'लॉस ऑफ प्रॉफिट' नावाची वेगळी पॉलिसी आहे, पण तीसुद्धा तुमच्या जागेचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल तरच लागू होते. दुकान शाबूत आणि रस्ता बंद, तर काही नाही. दंगलीच्या त्याच कलमानुसार सरकारी आदेशाने ताब्यात घेतलेली किंवा पाडलेली मालमत्ता, आणि कोणी बेकायदा कब्जा करून बसले तर तो कब्जा, हेही बाहेर.

लुटीचा प्रश्न मधला आहे. घर आणि छोट्या उद्योगांच्या नव्या पॉलिसींमध्ये, विम्यातल्या घटनेमुळेच आणि ती घडल्यापासून ७ दिवसांच्या आत झालेली चोरी येते. शटर तोडून माल नेला तर हा मुद्दा मांडा. नुसती घरफोडीची पॉलिसी असेल तर तिच्यात दंगलीतली लूट बहुधा वगळलेली असते. ती जोडून घ्यावी लागते.

नुकसान झाले : पहिले दोन-तीन दिवस

क्लेमचे भवितव्य इथे ठरते. माणूस हादरलेला असतो, घरचे म्हणतात 'आधी झाडून घ्या', आणि पुरावा कचऱ्याच्या गाडीतून जातो.

- झाडण्यापूर्वी फोटो आणि व्हिडिओ काढा. आधी दुरून, दुकानाची पाटी आणि शेजारची दुकाने दिसतील असे, मग जवळून. दगड, बाटल्या, जळालेले बोळे तसेच राहू द्या.
- कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या. त्याच दिवशी ईमेलही पाठवा. एजंटला फोन केला म्हणजे कंपनीला कळवले असे धरू नका.
- पुढचे नुकसान रोखा. तुटलेल्या शटरला पत्रा ठोका, भिजणारा माल हलवा. हा खर्च आणि त्याची पावती जपा. कायमची दुरुस्ती मात्र सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत करू नका.
- सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्याची प्रत काढा. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पोच घ्या. समोरच्या मेडिकलच्या किंवा एटीएमच्या कॅमेऱ्यासाठी पोलिसांना लेखी विनंती करा.

फिर्याद. दंगलीनंतर पोलीस बहुधा सरकारतर्फे एकच गुन्हा नोंदवतात आणि शेकडो लोकांचे नुकसान त्यात मावते. ठाण्यात गेलात की ऐकायला मिळते, 'गुन्हा दाखल आहे, तुमचा वेगळा घेता येणार नाही.' तिथून रिकाम्या हाताने परतू नका. तुमचा पुरवणी जबाब नोंदवून घ्यायला सांगा आणि पंचनाम्यात तुमच्या दुकानाचे नाव किंवा गाडीचा क्रमांक येईल असे पाहा. 'परिसरातील दुकानांचे व वाहनांचे नुकसान' एवढ्या मोघम ओळीवर सर्व्हेअर समाधानी होत नाही. तुमच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदवला गेला तर प्रत विनामूल्य मिळणे हा तुमचा हक्क आहे. घ्यायलाच नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे (शहरात पोलीस आयुक्तालयात) लेखी अर्ज पाठवा आणि त्याची पोच ठेवा. महसूल खात्याने नुकसानीचे पंचनामे सुरू केले तर तलाठ्यालाही बोलवा. तो कागद पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडतो.

जबाबात जे डोळ्यांनी पाहिले ते सांगा. किती वाजता, साधारण किती लोक, कोणत्या दिशेने आले, काय फोडले. कोणत्या संघटनेचे होते, कोणी पाठवले, सरकारला धडा शिकवायचा होता का, हे ऐकीव असेल तर तुमच्या जबाबात नको. तो तपास पोलिसांचा. तुमच्या तोंडून निघालेला हेतूचा तर्क उद्या दुसऱ्या पायरीसाठी तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

कळवायला एक-दोन दिवस उशीर झाला म्हणून खचू नका. संचारबंदीत बाहेर पडता आले नाही हे कारण पुरेसे सबळ आहे, ते पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. वाहनचोरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे की पोलिसांत लगेच फिर्याद दिलेली असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून खरा क्लेम नाकारता येत नाही. तोच युक्तिवाद तुम्हालाही करता येईल.

जळालेल्या दुकानाचा माल सिद्ध कसा करायचा?

वह्या जळाल्या, संगणक जळाला, आता काय दाखवणार? या प्रश्नावर पुष्कळ दुकानदार हात टेकतात आणि सर्व्हेअर म्हणेल तो आकडा मान्य करतात. तसे करायची गरज नाही, कारण तुमच्या मालाची नोंद दुकानाबाहेरही आहे.

जीएसटी पोर्टलवर तुमच्या नावाचे 'जीएसटीआर-२बी' हे विवरण असते. तुम्हाला माल विकणाऱ्या नोंदणीकृत पुरवठादारांनी भरलेली बिले त्यात महिन्यानुसार दिसतात. तुमची विक्री 'जीएसटीआर-१' आणि '३बी' मध्ये आहे. मागच्या ३१ मार्चचा शिल्लक माल तुमच्या सीएच्या ताळेबंदात आहे. त्यात खरेदी मिळवा, विक्रीतून नफ्याचे प्रमाण वजा करून येणारी मालाची किंमत वगळा, की घटनेच्या दिवशीचा माल निघतो. सर्व्हेअरही हीच रीत वापरतो. कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दर महिन्याला दिलेले स्टॉक स्टेटमेंट आहेच. पण सावध राहा. बँकेकडून जास्त उचल मिळावी म्हणून फुगवलेला आकडा आणि करासाठी आखडता घेतलेला आकडा, दोन्ही एकाच टेबलावर येतात आणि सर्व्हेअर लहान आकडा धरतो. बिनबिलाच्या मालाचे पैसे मिळत नाहीत, हे कटू असले तरी तसेच आहे.

सर्व्हेअर कंपनी नेमते, पण तो परवानाधारक स्वतंत्र व्यावसायिक असतो. त्याने मागितलेली कागदपत्रे यादी करून द्या आणि यादीवर त्याची सही घ्या. त्याच्या अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला अधिकार आहे. रक्कम कमी वाटली तर आधी हा अहवाल वाचा. घसारा, वजावट, भंगाराची किंमत असे कुठे काय कापले ते त्यात असते.

गाडीचा क्लेम करावा की नाही?

नुसती काच फुटली असेल तर आधी हिशेब करा. समजा बोनस न धरता तुमचा ओन डॅमेज हप्ता ८,००० रुपये आहे आणि ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. क्लेम केला तर तो शून्यावर येतो. पुढच्याच वर्षी ४,००० रुपये जास्त, आणि पुन्हा ५० टक्क्यांवर चढायला काही वर्षे. साडेतीन हजारांच्या काचेसाठी ते परवडत नाही. बोनस वाचवणारे जोडसंरक्षण घेतलेले असेल तर गोष्ट वेगळी.

गाडी जळाली असेल तर दुरुस्तीचा अंदाज विमाघोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे जातो का ते बघा. गेला तर ती 'टोटल लॉस' धरली जाते. अर्धवट जळालेल्या गाडीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, 'झिरो डेप' असेल तर नाही. पोलिसांनी गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात उभी केली असेल तर सर्व्हेअरला तिथेच पाहणी करू देण्याची विनंती ठाण्यात लेखी द्या. आणि गॅरेजवाल्याने सांगितले म्हणून लगेच क्रेन लावू नका.

माणसाला इजा झाली असेल तर

साध्या मुदत विम्यात दंगलीतला मृत्यू येतो. अपघाती लाभाच्या रायडरमध्ये मात्र दंगलीबद्दलचे अपवाद असतात. काहींत 'दंगलीत सहभागी असताना' असे लिहिलेले असते, काहींत नुसते 'दंगलीमुळे'. पहिल्या शब्दरचनेत रस्त्याने जाणारा निर्दोष माणूस वाचतो, दुसरीत तो अडकू शकतो. रायडर घेताना ही ओळ वाचाच. आरोग्य विमा जखमी वाटसरूला नाकारला जात नाही. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण आहे. घरच्यांना ते माहीतच नसते, पासबुकात नोंद शोधा.

परदेशात असताना

नेपाळात सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले होते. प्रवास विम्यात आजारपण आणि अपघात मुख्य असतो. अशांततेमुळे सहल रद्द होणे किंवा सुटकेचा खर्च हे बहुधा वेगळे जोडसंरक्षण असते. गडबड सुरू झाल्यावर काढलेली पॉलिसी त्या गडबडीला उपयोगी नाही. भारतातल्या नियमांनुसार दंगल किंवा राजकीय अस्थैर्यामुळे विमान रद्द झाले तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी विमान हा हक्क शाबूत राहतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये दुकान असलेल्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी वाट आहे. तिथे २०१६ च्या दंगल भरपाई कायद्याने विमा नसलेल्यालाही पोलीस यंत्रणेकडून, एका क्लेमला कमाल १० लाख पौंडांपर्यंत, मालमत्तेची भरपाई मागता येते. पण तिथल्या कायद्यात दंगल ठरायला किमान १२ माणसे लागतात.

सरकार आणि दंगलखोर यांच्याकडून

विमा नसेल तर ही वाट, आणि ती लांबची आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५१ मध्ये बेकायदेशीर जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई ठरवून वसूल करण्याची तरतूद आहे. शासन घटनेनुसार मदत जाहीर करते तेव्हा महसूल पंचनामा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या प्रमाणावर मालमत्तेचे नुकसान झाल्यास उच्च न्यायालय दावे आयुक्त नेमू शकते, आणि भरपाई प्रत्यक्ष करणाऱ्यांकडून व आयोजकांकडून घेता येते. मुंबई उच्च न्यायालयाने तर ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला सांगितले होते. ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्या भरवशावर विमा न काढणे हा वेडेपणा आहे.

सरकारी मदत घेतली तर क्लेममध्ये तसे सांगा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. आणि विमा कंपनीने पैसे दिले की दंगलखोरांकडून वसुलीचा तुमचा हक्क तेवढ्यापुरता तिच्याकडे जातो.

क्लेम नाकारला किंवा कापला तर

नकार लेखीच मागा. त्यात पॉलिसीचे नेमके कलम हवे. 'नियमात बसत नाही' हे उत्तर नव्हे. कमी रकमेच्या व्हाउचरवर सही मागितली तर पैसे घ्या, पण 'हरकत राखून' असे लिहून सही करा. अशा सहीमुळे जास्त रक्कम मागण्याचा हक्क संपत नाही, असे विमा नियामक 'इर्डा'ने कंपन्यांना कळवलेले आहे.

नंतरचा क्रम असा :

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद.

२. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. वैयक्तिक पॉलिसी, एकल मालकीची दुकाने आणि सूक्ष्म उद्योग यांना तिथे जाता येते. मर्यादा ५० लाख रुपये, मुदत नकारापासून एक वर्ष.

३. ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षे. एकदा इथे किंवा न्यायालयात गेलात की त्याच विषयावर लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

लोकपालाकडे तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही. त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर पुढे जायला तुम्ही मोकळे असता.